गांडुळे वर्गात आणताना : प्रस्तावना

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत ऊन चढू लागले की ठिकठिकाणी धूर दिसतो. भाताचे रोप जिथे करायचे त्या जागेवर शेण, झाडांची तोडलेली कवळे, गवत आणि पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पेटवून द्यायचे, ही राबाची रीत सह्याद्रीच्या या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ब्रिटिश सरकारने जंगले राखीव केली तेव्हा कवळे तोडण्याच्या हक्कावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष उसळला. सरकारला १८८५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात राब हा कळीचा विषय होता. तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड. पाल्याचे काय करायचे, हा प्रश्न इथे असा जुना आहे.

राबाने तण आणि तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, रोप जोमाने वर येते. शेतकरी ते अडाणीपणाने करत आला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्या आगीत पाल्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत निघून जातो, हेही तितकेच खरे. मागे उरते ती राख, आणि पहिल्या जोराच्या सरींत तिचाही बराचसा भाग ओहोळाला लागतो. सावित्रीच्या या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. जमीन उताराची, माती जांभ्याची, आम्लधर्मी, धुपून जाणारी. अशा मातीला सगळ्यांत जास्त गरज असते ती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवणाऱ्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाची, आणि नेमका तोच आपण जाळतो किंवा वाहून जाऊ देतो.

एके काळी या नुकसानीची भरपाई गोठा करत असे. शेण, मूत, गुरांनी टाकलेली वैरण, चुलीची राख, भाजीची देठे, केळीची पाने, सगळे घरामागच्या उकिरड्यावर जायचे आणि पावसाआधी शेतात. घरातली म्हातारी माणसे उकिरड्याकडे नुसते पाहून सांगायची, की खत झाले आहे की अजून कच्चे आहे. महाड आणि पोलादपूरची माणसे मुंबईला चाकरीसाठी जायला लागून आता कितीतरी पिढ्या झाल्या. अनेक घरे गणपती आणि शिमगा सोडला तर बंद असतात. ज्या घरांत माणसे आहेत तिथेही गुरे कमी झाली, नांगराच्या जागी पॉवर टिलर आला. गोठा रिकामा झाला आणि उकिरडाही गेला. भाजीची देठे, फणसाची चारखंडे, आंब्याच्या साली आता प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून वहाळाच्या काठावर पडतात. कुजणारे आणि न कुजणारे एकाच पिशवीत बांधले गेले की दोन्ही वाया जातात.

तुडील आणि महाड तालुक्यातल्या आसपासच्या गावांतील शिक्षक, पालक आणि मुले डोळ्यांपुढे ठेवून ही पुस्तिका तयार झाली आहे. खेड्यात गांडूळखताची पेटी कशाला, ती शहरातल्या फ्लॅटवाल्यांसाठी ठीक, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की कुजण्याची जी समज गोठ्याबरोबर मुलांच्या अंगवळणी पडत असे, ती आता घरातून आपोआप मिळत नाही. ती जाणीवपूर्वक कुठे तरी ठेवावी लागेल, आणि त्यासाठी शाळेच्या वर्गाइतकी योग्य जागा मला दिसत नाही. पेटीतून निघणारे चार-सहा किलो खत हा वरचा लाभ आहे. मुख्य लाभ, सालीची माती होताना मुलाने रोज पाहणे, हा आहे.

आता त्या प्राण्याविषयी. पाठ्यपुस्तकातून मुलांना ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ एवढे एक वाक्य पाठ असते. त्यापुढे फार कोणी जात नाही, आणि म्हणूनच पहिली चूक होते: पावसात अंगणात वर आलेली गांडुळे गोळा करून पेटीत टाकली जातात आणि आठवड्याभरात मरतात. मातीत खोल बिळे करून माती खाणारी गांडुळे वेगळी आणि कुजत्या पाल्यात, शेणात, पृष्ठभागालगत राहणारी वेगळी. खत करायला ही दुसरी हवीत. बाजारात मिळतात ती बहुधा मूळ युरोपची आयसेनिया फेटिडा किंवा पश्चिम आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी. आपल्याकडची पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही जातही हे काम चांगले करते, आणि जुन्या शेणाच्या ढिगात, केळीच्या कुजक्या खुंटाखाली शोधली तर तशी गांडुळे सापडतात. माझा कल इथल्याच गांडुळांकडे आहे. ती इथल्या उन्हा-पावसाला सरावलेली असतात, त्यांना पैसे पडत नाहीत, आणि त्यांना शोधायला निघालेल्या मुलांना गावातले जुने उकिरडे कुठे होते तेही कळते.

गांडुळाला डोळे नाहीत, फुप्फुसे नाहीत. ते ओल्या त्वचेतून श्वास घेते. म्हणून पेटी कोरडी पडली तर ते मरते, आणि पाणी तुंबून हवा कोंडली तरी मरते. दात नसल्यामुळे ते कुजून मऊ झालेला पदार्थ त्यावरच्या जिवाणू-बुरशीसकट गिळते आणि पोटातल्या एका स्नायुमय पिशवीत, गिळलेल्या बारीक वाळूच्या कणांच्या मदतीने दळते. मागून पडते ती काळसर, दाणेदार, वास नसलेली विष्ठा, म्हणजेच आपले खत. प्रत्येक गांडूळ एकाच वेळी नर आणि मादी असते, तरीही सहसा जोडी लागते. अंगावर फुगीर पट्टा दिसला की ते वयात आले असे समजावे. आयसेनियाचे लिंबाच्या आकाराचे, मोहरीहून थोडे मोठे कोष तीनेक आठवड्यांत फुटतात आणि एकेका कोषातून साधारण दोन-तीन पिले निघतात. ती सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात. भिंगातून कोष पाहिलेले मूल गांडुळाला पुन्हा किळसवाणे म्हणत नाही.

वर्गात गांडुळे ठेवण्याची कल्पना नवी नाही. चार्ल्स डार्विन यांनी ती आपल्या अभ्यासिकेत कुंड्यांत ठेवली होती. गांडुळांवरचा त्यांचा पहिला निबंध १८३७ चा आणि पुस्तक ऑक्टोबर १८८१ चे, म्हणजे मृत्यूच्या सहा महिने आधीचे. मधली चव्वेचाळीस वर्षे हा विषय त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी कुंड्यांशेजारी शिट्टी वाजवून पाहिली, बसून नावाचे खर्जातले वाद्य वाजवून पाहिले. गांडुळांना काही ऐकू आले नाही. पण कुंडी पियानोवर ठेवून एक स्वर वाजवला तेव्हा हादरा जाणवून ती झटकन बिळात शिरली. कागदाचे त्रिकोण कापून ठेवले आणि गांडुळे ते बिळात कोणत्या टोकाने ओढतात हे मोजले. बहुतेक वेळा ती निमुळते टोक धरत. या प्रयोगांना प्रयोगशाळा लागत नाही. पियानोच्या जागी शाळेच्या भजनी पेटीवर कुंडी ठेवावी.

डार्विन यांचा आणखी एक प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो चिकाटी शिकवतो. १८४२ च्या डिसेंबरमध्ये घराजवळच्या कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले गेले. १८७१ मध्ये, एकोणतीस वर्षांनी, तिथे चर खणला तेव्हा ती पांढरी रेघ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकत ती गाडली होती. आपल्या शाळेच्या आवारात, न खणल्या जाणाऱ्या कोपऱ्यात, पहिलीच्या मुलांनी शिंपल्यांचा जाड चुरा पसरावा आणि सातवीत गेल्यावर त्याच मुलांनी तिथे एक छोटा चर खणून पाहावा. खुणेचा दगड आणि शाळेच्या नोंदवहीत तारीख, एवढेच लागते.

महाराष्ट्रात या विषयावर काम केलेल्या माणसांची परंपरा आहे आणि शिक्षकांना ती ठाऊक असायला हवी. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेप काका’, यांनी थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणारा, भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेला दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंचीचा हौद रूढ केला. देशभर तो त्यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो. पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडूळ संशोधनाची संस्था उभी करून १९९० च्या दशकात शहरातला आणि उद्योगातला सेंद्रिय कचरा गांडुळांकडून जिरवण्याचे प्रयोग केले. खोल बिळे करणाऱ्या गांडुळांचे महत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले. श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शेतकऱ्याला आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्या गृहिणीलाही संशोधक मानले. स्वतः करून पाहायचे, मोजायचे, लिहायचे आणि दुसऱ्याला कळवायचे, ही त्यांची रीत. या पुस्तिकेतल्या नोंदतक्त्यांमागे तीच दृष्टी आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमाने, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या, ग्रामीण शाळांत हाताने काम करत विज्ञान शिकवण्याचा जो मार्ग दाखवला, त्यालाही इथे मोठी जागा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जीवशास्त्र शिकवलेल्या मेरी अ‍ॅपलहॉफ यांनी घरातल्या पेटीवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९९३ मध्ये खास वर्गांसाठी दुसरे. पेटीचे आजचे जगभरचे गणित बरेचसे त्यांच्याकडून आले आहे.

सरकारी पातळीवरही प्रयत्न झाले. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावोगावी गांडूळखताचे हौद बांधले गेले. पुणे महापालिकेने आवारात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंचय यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्याला मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा अधिक चालवणाऱ्याला १० टक्के सवलत दिली. पुढे बंद पडलेले प्रकल्प शोधून सवलत काढून घेण्याची वेळही आली. हौद बांधणे हे अवघड काम नाही. त्याच्याकडे रोज पाहणारा माणूस मिळणे अवघड. शाळेत असे तीस-चाळीस डोळे रोज हजर असतात, आणि मुलांना पाहायची हौस असते. वर्गातली पेटी टिकते ती त्या हौसेवर.

करण्याची कृती पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे फक्त कोकणासाठी वेगळे जे आहे तेवढे सांगतो, कारण देशावरच्या पुस्तिका वाचून इथे सुरुवात करणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

शाळा जूनमध्ये उघडते म्हणून पेटीही जूनमध्ये सुरू करू नये. जून-जुलैच्या दमट हवेत नवी पेटी सांभाळणे कठीण, त्यात उंदीर, घुशी, चिचुंद्र्या आसरा शोधत असतात. दसरा झाला, पाऊस ओसरला, झोडणी होऊन ताजा पेंढा हाताशी आला की सुरुवात करावी. दिवाळीची सुट्टी त्यात येते हे खरे. पण ताज्या पेटीत आधी पंधरा-वीस दिवस पेंढा, सुका पाला आणि जुने शेण नुसते कुजत ठेवायचे असते, ते काम त्या सुट्टीत आपोआप होते. ताजे शेण आणि हिरवा पाला तापतो, आणि त्या उष्णतेत सोडलेली गांडुळे एका दिवसात संपतात. मे महिन्यात शाळा बंद, उन्हाची काहिली. तेव्हा पेटीतल्या गांडुळांचे वाटे करून ती मुलांच्या घरी, मोरीजवळच्या सावलीत, मडक्यात किंवा बांबूच्या टोपलीत राहायला जावीत. जी शाळा हे करील तिच्या गावात जूनपर्यंत दहा-बारा घरांत खत सुरू झालेले असेल. पावसाळ्यात पेटी वर्गात किंवा पडवीत, जमिनीपासून हातभर उंच चौथऱ्यावर ठेवावी. जुलै २०२१ च्या पुराने महाडला पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवले आहे, आणि डोंगरावरच्या गावातही जमिनीवर ठेवलेली पेटी रात्रभरच्या पावसात बुडते. घट्ट झाकण आणि भोकांना बारीक जाळी हवीच. उंदरांमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही, म्हणून गांडुळांचा खाऊ कधी उघड्यावर टाकू नये, कोपऱ्यात पुरावा, आणि हात साबणाने धुवावेत.

महाडजवळच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. जुने निळे पिंप स्वस्तात मिळते म्हणून ते पेटीसाठी वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, आधी त्यात काय भरले होते हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. गांडूळ विषाला फार हळवे असते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८४ मध्ये रसायनांचा विषारीपणा तपासण्याची जी पद्धत ठरवली, तीत आयसेनिया गांडुळे १४ दिवस त्या रसायन-मिसळलेल्या मातीत ठेवून किती जगतात ते पाहतात. शेताच्या बांधावरची आणि रस्त्याकडेची माती वेगवेगळ्या कुंड्यांत घेऊन गांडुळे कोणत्या कुंडीत रमतात, हे मोठ्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहण्यासारखे आहे.

खाऊचे गणित साधे आहे. गांडुळे रोज आपल्या वजनाच्या साधारण निम्मे खातात. अर्धा किलो आयसेनिया, म्हणजे अंदाजे हजार, असतील तर पाव किलो साली. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकातली भाज्यांची देठे-साली, शेंगांची टरफले, चहाचा चोथा, अंड्यांच्या कवचांचा चुरा हे सगळे चालते. कवच तर आम्लधर्मी कोकणात उपयोगाचेच. उरलेली खिचडी, आमटी, तेल-मीठ लागलेले काही नको. मासळीची डोकी, कोळंबीची साले पेटीत नकोत. ती नारळाच्या आळ्यात खोल पुरावीत. आंबा-फणसाच्या दिवसांत साली एकदम ओतल्या तर पेटी आंबते, माश्या होतात. त्या आधी दोन दिवस उन्हात सुकवाव्यात आणि पेंढ्याबरोबर थोड्या थोड्या द्याव्यात. गणपतीतले निर्माल्य मात्र उत्तम, फक्त जरी, दोरा, थर्माकोल मुलांनी वेचून काढावा. ओल बरोबर आहे का हे पाहायला मूठभर मिश्रण दाबावे: एखाद-दुसरा थेंब निघाला की पुरे.

आता ज्या गोष्टीविषयी मी सर्वांत आग्रही आहे ती. पेटी साफ कोण करणार? आपल्या समाजाने कचरा आणि घाण उचलण्याचे काम शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले, आणि घरात ते बाईच्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ज्या महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या महाडच्या शाळेत पेटीत हात घालण्याचे काम ठरावीक मुलांकडे किंवा केवळ मुलींकडे गेले, तर खत कितीही चांगले निघो, तो धडा वाया गेला असे मी म्हणेन. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावावी. त्यात सरपंचांचा मुलगा येईल, बौद्धवाडीतली मुलगी येईल, मोहल्ल्यातला मुलगा येईल आणि शिक्षकांचेही नाव येईल. पाळी चुकवण्याची मुभा कोणालाच नको.

किती खत मिळेल, याविषयी मोठी स्वप्ने दाखवणार नाही. एका पेटीतले खत भाताच्या खाचराला पुरणार नाही. पण शाळेच्या परसबागेतला पडवळ, दोडका, भोपळा, अळू यांना ते पुरते, आणि रोपाच्या गादीवाफ्याला घालून पाहण्याइतके नक्की उरते. एका छोट्या वाफ्यावर राब, शेजारच्या वाफ्यावर शेणखत-गांडूळखत, आणि दोन्हीकडच्या रोपांची उंची मुलांनी मोजलेली, असा प्रयोग एखाद्या पालकाच्या शेतावर करता आला तर गावात त्याची चर्चा होईल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधक आणि रोह्याचे कृषी विज्ञान केंद्र यांना असे आकडे दाखवून सल्ला विचारता येईल. निकाल राबाच्या बाजूने गेला तर तोही तसाच लिहावा. गांडुळे विकून पैसा करण्याची कल्पना मात्र शाळेने दूर ठेवावी. त्याने मुलांचे लक्ष मोजण्याकडून विकण्याकडे जाते.

शिक्षकांनो, पुस्तिका पूर्ण वाचून मग सुरू करू, असे म्हणू नका. दुसरे प्रकरण वाचा, एक जुनी पाटी किंवा फुटके मडके घ्या आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मुलांना पेंढा आणायला सांगा. घरी करणाऱ्या आई-आजींनी शाळेची वाट पाहू नये. उलट ज्यांना उकिरड्याची जुनी पारख आहे त्यांनी एखादा तास वर्गात येऊन बसावे. पेटी नीट चालली तर तीनेक महिन्यांत गांडुळे दुप्पट होतात. त्यातली अर्धी शेजारच्या वाडीतल्या शाळेला द्या, आणि त्यांचे पैसे घेऊ नका.